एअरमनशिप

एअरमनशिप म्हणजे विमान सुरक्षितपणे, कार्यक्षमतेने आणि जबाबदारीने चालवण्यासाठी वैमानिकाच्या अंगी असावा लागणारा ज्ञान, कौशल्य, शिस्त आणि विवेक यांचा समुच्चय होय. विमान हाताळण्याचे तंत्र हा तिचा एक भाग आहे. हवामानाचा अंदाज घेणे, स्वतःच्या मर्यादा ओळखणे, नियमांचे पालन करणे, सहकाऱ्यांचे ऐकणे आणि प्रसंगी उड्डाण रद्द करणे या गोष्टीही तिच्यात मोडतात. नागरी, लष्करी आणि हौशी अशा सर्व प्रकारच्या विमानोड्डाणात ही संकल्पना वापरली जाते. विमान अपघातांच्या चौकशीत यांत्रिक बिघाडाबरोबरच वैमानिकांच्या निर्णयांचाही विचार होतो, त्यामुळे वैमानिक प्रशिक्षणात या विषयाला महत्त्वाचे स्थान आहे.

संज्ञा व व्याख्या

सागरी नौकानयनातील 'सीमनशिप' या जुन्या शब्दाच्या धर्तीवर 'एअरमनशिप' हा शब्द इंग्रजीत रूढ झाला. मुरलेल्या खलाशाला समुद्र, वारा आणि जहाज यांची जशी जाण असते, तशी जाण वैमानिकाला आकाश, हवामान आणि विमान यांच्याबाबतीत असावी, ही कल्पना या शब्दामागे आहे. मराठीत त्याला एकच सर्वमान्य प्रतिशब्द नाही. संदर्भानुसार उड्डाणकौशल्य, उड्डाणविवेक किंवा उड्डाणशिस्त असे शब्द योजता येतात, परंतु त्यांपैकी प्रत्येक शब्द मूळ संकल्पनेची एकच बाजू दाखवतो.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या व्याख्येनुसार, उड्डाणाची उद्दिष्टे साध्य करण्यासाठी विवेकबुद्धीचा तसेच सुविकसित ज्ञान, कौशल्ये आणि वृत्ती यांचा सातत्याने केलेला वापर म्हणजे एअरमनशिप. या व्याख्येत 'सातत्य' हा शब्द महत्त्वाचा आहे. एखाद्या संकटात दाखवलेले असामान्य धाडस हा एअरमनशिपचा निकष मानला जात नाही. शेकडो सामान्य उड्डाणांत तीच काळजी पुन्हापुन्हा घेणे हा तो निकष आहे. उत्तम वैमानिक आपला उत्तम विवेक अशा रीतीने वापरतो की उत्तम कौशल्य पणाला लावण्याची वेळच येऊ नये, असे वैमानिकांच्या वर्तुळात परंपरेने सांगितले जाते.

ऐतिहासिक विकास

विमानोड्डाणाच्या आरंभीच्या दशकांत चांगला वैमानिक म्हणजे हात स्थिर असलेला, धाडसी माणूस असे मानले जाई. विमाने साधी होती, उपकरणे मोजकी होती आणि वैमानिकाला बराचसा भरवसा आपल्या इंद्रियांवर ठेवावा लागे.

३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातील राइट फील्ड येथे या समजुतीला धक्का बसला. बोईंग कंपनीच्या मॉडेल २९९ या नव्या चार इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानाने उड्डाण करताच नाक वर काढले, त्याचा वेग मंदावला आणि ते कोसळले. जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाची नियंत्रक पृष्ठे वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेली कळ उड्डाणापूर्वी काढायची राहून गेली होती. मेजर प्लॉयर हिल आणि बोईंगचे चाचणी वैमानिक लेस्ली टॉवर या दोन्ही अनुभवी वैमानिकांचा या अपघातात मृत्यू झाला. विमान एका माणसाच्या स्मरणशक्तीला पेलण्यापलीकडे गुंतागुंतीचे झाले आहे, हे यातून लक्षात आले. उड्डाणापूर्वी, उड्डाणादरम्यान आणि उतरताना करावयाच्या कृतींच्या छोट्या तपासणी याद्या तयार करण्यात आल्या. हेच विमान पुढे बी-१७ या नावाने दुसऱ्या महायुद्धात मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. चेकलिस्ट वाचणे हे अनुभवाच्या अभावाचे लक्षण नसून व्यावसायिक शिस्तीचा भाग आहे, ही धारणा तेव्हापासून दृढ होत गेली.

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात झालेल्या एका प्रयोगात उपकरणांच्या आधारे उड्डाण करण्याचे प्रशिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना ढगांत शिरल्यासारख्या कृत्रिम परिस्थितीत विमान चालवण्यास सांगण्यात आले. बाहेरचे क्षितिज दिसेनासे झाल्यावर सर्वांचेच विमानावरील नियंत्रण सुटले. त्यासाठी लागलेला सरासरी वेळ १७८ सेकंद होता. क्षितिज दिसत नसताना कानातील संतुलनेंद्रिय चुकीची जाणीव देते आणि धीटपणा तेथे उपयोगी पडत नाही, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

१९७० च्या दशकात जेट विमानांच्या काही मोठ्या अपघातांनी लक्ष कॉकपिटमधील परस्परसंबंधांकडे वळवले. या विमानांत गंभीर यांत्रिक दोष नव्हता आणि वैमानिक कुशल होते, तरीही संवाद, लक्ष आणि नेतृत्व यांतील त्रुटींमुळे अपघात घडले. १९७९ मध्ये अमेरिकेच्या नासा या संस्थेने या विषयावर कार्यशाळा घेतली. तिच्यातून पुढे 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट' ही प्रशिक्षणपद्धती विकसित झाली. युनायटेड एअरलाइन्सने १९८१ मध्ये असे प्रशिक्षण सुरू केले आणि नंतर ते जगभर पसरले.

घटक

अमेरिकी हवाई दलातील माजी वैमानिक व लेखक टोनी कर्न यांनी १९९० च्या दशकात मांडलेले प्रारूप या विषयाच्या अध्यापनात बऱ्याचदा वापरले जाते. त्यांनी एअरमनशिपची कल्पना एका इमारतीसारखी केली आहे. शिस्त, कौशल्य आणि सराव हा तिचा पाया, विविध प्रकारचे ज्ञान हे तिचे खांब आणि परिस्थितीचे भान व विवेक हा तिचा कळस होय.

शिस्त: नियम, कार्यपद्धती आणि स्वतः आखून घेतलेल्या मर्यादा कोणी पाहत नसतानाही पाळणे म्हणजे शिस्त. एकदा नियम मोडूनही काही बिघडले नाही की पुढच्या वेळी तो मोडणे सोपे वाटते आणि हळूहळू विचलन हीच नेहमीची पद्धत बनते. म्हणून शिस्तीला पायाचे स्थान दिले जाते. शिस्त नसेल तर कौशल्य वाढण्याबरोबर धोकाही वाढतो.

कौशल्य व सराव: विमान हाताळण्याचे कौशल्य एकदा मिळवले म्हणून कायम टिकत नाही. आडव्या वाऱ्यात उतरणे, एक इंजिन बंद पडल्यावर विमान सावरणे, स्टॉलमधून बाहेर येणे यांसारख्या कृतींचा ठरावीक काळाने सराव करावा लागतो. परवाना वैध असणे आणि हात सरावात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ज्ञान: यात स्वतःचे, विमानाचे, सहकाऱ्यांचे, वातावरणाचे आणि जोखमीचे ज्ञान येते. वातावरण या शब्दात हवामानाबरोबर भूरचना, विमानतळाची वैशिष्ट्ये, हवाई वाहतुकीचे नियम आणि संघटनेतील कामाचे दडपणही अभिप्रेत आहे.

परिस्थितीचे भान: आसपास काय चालले आहे ते टिपणे, त्याचा अर्थ समजून घेणे आणि थोड्या वेळाने काय होईल याचा अंदाज बांधणे, अशा 3 पातळ्या मिका एंड्स्ली या संशोधिकेने सांगितल्या आहेत. विमानाच्या पुढे विचार करणे असे वैमानिक ज्याला म्हणतात, ते या तिसऱ्या पातळीवरचे भान असते.

विवेक: उपलब्ध माहिती, वेळ आणि पर्याय यांचा मेळ घालून योग्य निर्णय घेण्याची क्षमता म्हणजे विवेक. इतर सर्व घटक ज्या मानाने भक्कम असतील, त्या मानाने विवेक विश्वासार्ह ठरतो.

निर्णयप्रक्रिया व धोकादायक मनोवृत्ती

विवेक केवळ अनुभवाने येतो, असा पूर्वी समज होता. पुढे निर्णयप्रक्रिया शिकवता येते असे मानले जाऊ लागले आणि तिचा पद्धतशीर अभ्यासक्रम तयार झाला. अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने वैमानिकांसाठीच्या पाठ्यपुस्तकांत पुढील पाच धोकादायक मनोवृत्ती आणि त्यांवरील उतारे सांगितले आहेत.

१. अधिकारद्वेष: मला कोणी शिकवू नये, ही वृत्ती. नियम बहुधा योग्य कारणासाठीच केलेले असतात याची आठवण हा तिच्यावरील उतारा आहे.
२. उतावीळपणा: काहीतरी लगेच केलेच पाहिजे, ही वृत्ती. क्षणभर थांबून आधी विचार करणे हा उतारा आहे.
३. अभेद्यतेचा भ्रम: अपघात इतरांना होतात, मला नाही, ही वृत्ती. तो मलाही होऊ शकतो, हे मान्य करणे हा उतारा आहे.
४. फुशारकी: मी करून दाखवतो, ही वृत्ती. विनाकारण जोखीम घेणे हा मूर्खपणा आहे, ही जाणीव हा उतारा आहे.
५. हताशपणा: आता माझ्या हातात काही नाही, ही वृत्ती. मी असहाय नाही, परिस्थिती बदलू शकतो, हा विचार तिच्यावरील उतारा आहे.

या मनोवृत्ती विशिष्ट स्वभावाच्या माणसांपुरत्या मर्यादित नसतात. थकवा, उशीर, प्रवाशांचा आग्रह किंवा घरी लवकर पोहोचण्याची ओढ यांमुळे त्या कोणातही उद्भवू शकतात. ठरलेल्या ठिकाणी पोहोचायचेच, या हट्टामुळे वैमानिक बिघडत्या हवामानात पुढे जात राहतो. उड्डाणाचा जितका भाग पूर्ण झालेला असतो, तितके मागे फिरणे मनाला जड जाते. यावर उपाय म्हणून दृश्यमानता, ढगांची उंची, वारा आणि इंधन यांच्या किमान मर्यादा जमिनीवर शांत डोक्याने आधीच ठरवाव्यात, आणि हवेत असताना त्या सैल करू नयेत, असे प्रशिक्षणात सांगितले जाते.

प्रत्यक्ष उड्डाणातील रूप

उड्डाणापूर्वी

एअरमनशिपची सुरुवात विमानात बसण्यापूर्वी होते. वैमानिकाने स्वतःची तपासणी करताना आजारपण, औषधे, मानसिक ताण, मद्य, थकवा आणि भावनिक अवस्था यांचा विचार करणे अपेक्षित असते. सर्दीसारख्या किरकोळ आजारातही कानातील दाब न उतरल्याने तीव्र वेदना होऊ शकतात आणि सर्दीवरील काही औषधे गुंगी आणतात. भारतीय नियमांनुसार उड्डाणापूर्वीच्या १२ तासांत वैमानिकाला मद्यपान निषिद्ध आहे.

त्यानंतर विमानाभोवती फिरून त्याची पाहणी केली जाते. लहान विमानांत इंधनाच्या टाकीतून थोडे इंधन काढून त्यात पाणी किंवा गाळ आहे का ते पाहतात. इंधनमापकाच्या काट्यावर विसंबून न राहता टाकीतील इंधन प्रत्यक्ष मोजतात. हवामानाचा अहवाल, विमानतळांविषयीच्या सूचना, वजन व संतुलन, लागणाऱ्या धावपट्टीची लांबी आणि पर्यायी विमानतळ यांची तपासणीही याच टप्प्यात होते.

उड्डाणादरम्यान

कोणत्याही अडचणीत कामांचा अग्रक्रम कसा ठेवावा, यासाठी वैमानिकांना तीन पायऱ्यांचे सूत्र शिकवले जाते. प्रथम विमान नियंत्रणात ठेवणे, नंतर ते कोठे जात आहे हे पाहणे आणि शेवटी नियंत्रण कक्षाशी बोलणे, हा तो क्रम आहे. २९ डिसेंबर १९७२ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ईस्टर्न एअरलाइन्सच्या ४०१ क्रमांकाच्या उड्डाणाला झालेला अपघात हे या सूत्राच्या अध्यापनातील नेहमीचे उदाहरण आहे. चाकांसंबंधीचा एक निर्देशक दिवा न लागल्याने कॉकपिटमधील सर्वांचे लक्ष त्यात गुंतले. दरम्यान स्वयंचलित उंचीनियंत्रण सुटल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही आणि विमान हळूहळू खाली येत दलदलीत कोसळले. या अपघातात १०१ जणांचा मृत्यू झाला.

लक्ष विचलित होऊ नये म्हणून 'स्टेराइल कॉकपिट' हा नियम अमेरिकेत १९८१ मध्ये लागू झाला. त्यानुसार जमिनीवरील हालचाल, उड्डाण, अवतरण आणि साधारणपणे १०,००० फुटांखालील उड्डाण यांदरम्यान कामाव्यतिरिक्त संभाषण करता येत नाही.

अवतरण

उतरण्यापूर्वी विमानाचा वेग, मार्ग, उतरण्याचा दर आणि पंखांवरील फ्लॅप्स व चाकांची स्थिती ठरलेल्या मर्यादेत असावी लागते. याला स्थिर अप्रोच म्हणतात. ढगाळ हवामानात धावपट्टीपासून १,००० फूट आणि स्वच्छ हवामानात ५०० फूट उंचीपर्यंत ही स्थिती साधली नाही, तर उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर जावे, असा बहुतेक विमान कंपन्यांचा नियम असतो. या कृतीला गो-अराउंड म्हणतात. गो-अराउंड हे अपयश समजले जाऊ नये यासाठी अनेक कंपन्या अशा निर्णयाबद्दल वैमानिकाकडे स्पष्टीकरण न मागण्याचे धोरण ठेवतात.

उड्डाणानंतर

उड्डाणाचा आढावा घेणे आणि झालेल्या चुका प्रामाणिकपणे नोंदवणे हाही एअरमनशिपचा भाग समजला जातो. नासा ही संस्था १९७६ पासून अमेरिकेत वैमानिकांचे ऐच्छिक व गोपनीय अहवाल गोळा करण्याची व्यवस्था चालवते. शिक्षेच्या भीतीने लपवलेली चूक दुसऱ्या कोणाकडून पुन्हा घडते, हे तत्त्व अशा व्यवस्थांमागे आहे.

कॉकपिटमधील संघभावना व अधिकार

मुख्य वैमानिकाला विमानावर अंतिम अधिकार असतो. हा अधिकार सहकाऱ्यांच्या बोलण्याआड आला तर मात्र धोका निर्माण होतो. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील टेनेरिफ येथे दाट धुक्यात केएलएमच्या बोईंग ७४७ विमानाने परवानगी मिळण्यापूर्वीच धावपट्टीवरून वेग घेतला आणि ते पॅन ॲमच्या दुसऱ्या ७४७ विमानावर आदळले. समोरचे विमान धावपट्टीवरून बाहेर पडले नाही का, असा प्रश्न केएलएमच्या फ्लाइट इंजिनीअरने विचारला होता, परंतु मुख्य वैमानिकाने आत्मविश्वासाने तो निकालात काढला. ५८३ जणांचा बळी घेणारा हा अपघात विमान वाहतुकीच्या इतिहासातील सर्वाधिक प्राणहानीचा अपघात आहे.

२८ डिसेंबर १९७८ रोजी युनायटेड एअरलाइन्सचे १७३ क्रमांकाचे उड्डाण पोर्टलंडजवळ कोसळले. चाकांच्या बिघाडाचा विचार करीत विमान सुमारे तासभर घिरट्या घालत राहिले आणि इंधन संपले. इंधन कमी होत असल्याचे सहकाऱ्यांनी सांगितले होते, पण ते पुरेशा ठामपणे सांगितले गेले नाही आणि ऐकलेही गेले नाही. या अपघातात १० जण मृत्युमुखी पडले.

अशा घटनांनंतर कनिष्ठ सहकाऱ्याने शंका कशी मांडावी, याचेही प्रशिक्षण दिले जाऊ लागले. आधी निरीक्षण सांगणे, नंतर काळजी स्पष्ट शब्दांत मांडणे, पर्याय सुचवणे आणि तरीही प्रतिसाद न मिळाल्यास नियंत्रण हाती घेणे, असा त्याचा चढता क्रम असतो. त्याच वेळी मुख्य वैमानिकालाही मत विचारण्याचे आणि दुरुस्ती स्वीकारण्याचे प्रशिक्षण दिले जाते.

१९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सच्या २३२ क्रमांकाच्या उड्डाणात या प्रशिक्षणाचा उपयोग दिसून आला. डीसी-१० विमानाचे शेपटीकडील इंजिन फुटून तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या आणि नेहमीची सर्व नियंत्रणे बंद पडली. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवासी म्हणून विमानात असलेले प्रशिक्षक डेनी फिच यांची मदत घेतली. चौघांनी मिळून उरलेल्या दोन इंजिनांची शक्ती कमी-जास्त करीत विमान आयोवातील सू सिटी येथे धावपट्टीपर्यंत आणले. विमानातील २९६ जणांपैकी १८४ जण वाचले. हेन्स यांनी याचे श्रेय सहकाऱ्यांना आणि क्रू रिसोर्स मॅनेजमेंटच्या प्रशिक्षणाला दिले.

शिस्त आणि विवेक यांतील नाते

नियम काटेकोरपणे पाळणे आणि परिस्थितीनुसार स्वतः निर्णय घेणे या दोन अपेक्षा वरवर परस्परविरोधी वाटतात. नियम हे पूर्वीच्या अपघातांतून शिकलेल्या धड्यांचे संक्षिप्त रूप असतात आणि हवेत ते धडे नव्याने शिकायला वेळ नसतो. दुसरीकडे, प्रत्येक प्रसंगाची कल्पना करून नियम लिहिता येत नाहीत. म्हणूनच आणीबाणीत आवश्यक तेवढ्या प्रमाणात नियमापासून दूर जाण्याची मुभा मुख्य वैमानिकाला कायद्याने दिलेली असते.

१५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून निघालेल्या यूएस एअरवेजच्या १५४९ क्रमांकाच्या उड्डाणात या दोहोंचा मेळ दिसला. पक्ष्यांच्या थव्याशी टक्कर होऊन एअरबस ए३२० विमानाच्या दोन्ही इंजिनांची शक्ती गेली. कॅप्टन चेस्ली सलनबर्गर यांनी सूचीतील क्रमाची वाट न पाहता सहायक विद्युत यंत्र तत्काळ सुरू केले. सहवैमानिक जेफ्री स्काइल्स यांनी इंजिन पुन्हा सुरू करण्याची तपासणी सूची वाचण्यास घेतली. विमानतळावर परतता येणार नाही असा निर्णय घेऊन विमान हडसन नदीवर उतरवण्यात आले आणि १५५ जण बचावले. टक्कर आणि अवतरण यांत सुमारे साडेतीन मिनिटांचे अंतर होते. क्रम बदलण्याचा निर्णय यशस्वी ठरला, कारण तो यंत्रणेच्या पक्क्या माहितीवर आधारलेला होता.

नियमभंग आणि विवेक यांतील फरक ओळखण्यासाठी सहसा हेतू आणि गरज पाहिली जाते. सुरक्षितता वाढवण्यासाठी, दुसरा मार्ग नसताना केलेले आणि नंतर उघडपणे नोंदवलेले विचलन विवेकात गणले जाते. सोय, घाई किंवा प्रदर्शन यांसाठी केलेले विचलन बेशिस्तीत मोडते. २४ जून १९९४ रोजी अमेरिकेतील फेअरचाइल्ड हवाई तळावर हवाई कसरतींच्या सरावात बी-५२ विमान मर्यादेपेक्षा जास्त तिरके वळवल्याने कोसळले आणि ४ अधिकारी मरण पावले. संबंधित वैमानिकाने पूर्वीही अनेकदा मर्यादा ओलांडल्या होत्या आणि वरिष्ठांनी त्याकडे दुर्लक्ष केले होते. बेशिस्तीला मूक संमती देणारी संघटनाही अपघाताला जबाबदार असते, याचे उदाहरण म्हणून ही घटना शिकवली जाते.

एकाच उड्डाणात चूक आणि कौशल्य दोन्ही दिसू शकतात. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोईंग ७६७ विमानात पौंड आणि किलोग्रॅम यांच्या गोंधळामुळे आवश्यकतेपेक्षा बरेच कमी इंधन भरले गेले आणि ते हवेतच संपले. ग्लायडर चालवण्याचा अनुभव असलेल्या कॅप्टन बॉब पिअर्सन यांनी ते विमान गिमली येथील जुन्या हवाई तळावर इंजिनांविना उतरवले. या घटनेत कोणीही मृत्युमुखी पडले नाही.

भारतातील संदर्भ

भारतातील नागरी वैमानिकांचे परवाने आणि सुरक्षिततेचे नियमन नागरी विमान वाहतूक महासंचालनालय करते. व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी किमान वय १८ वर्षे असून २०० तासांचा उड्डाणानुभव लागतो. महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्यातील बिरसी आणि पुणे जिल्ह्यातील बारामती येथे वैमानिक प्रशिक्षण दिले जाते. मोसमी पावसाच्या काळात कमी उंचीवरील ढग आणि अचानक घटणारी दृश्यमानता यांमुळे उड्डाण न करण्याचा निर्णय हा प्रशिक्षणार्थींच्या नित्य शिकवणीचा भाग बनतो.

भारतीय विमानोड्डाणाच्या आरंभीच्या काळातील एक प्रसंग या संदर्भात सांगितला जातो. आगाखान यांनी जाहीर केलेली, भारत आणि इंग्लंड यांदरम्यान एकट्याने उड्डाण करण्याची स्पर्धा १९३० मध्ये झाली होती. भारतातून निघालेले जे. आर. डी. टाटा आणि इंग्लंडहून निघालेले त्यांचे स्पर्धक अस्पी इंजिनीअर यांची इजिप्तमध्ये गाठ पडली. स्पार्क प्लगअभावी इंजिनीअर अडकून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचे सुटे प्लग त्यांना दिले. पुढे स्पर्धा इंजिनीअर यांनी जिंकली आणि कालांतराने ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईतील जुहू येथे टपाल आणून भारतातील नियमित हवाई टपालसेवेचा आरंभ केला.

१ जानेवारी १९७८ रोजी मुंबईहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे 'एम्परर अशोक' हे बोईंग ७४७ विमान उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळले आणि २१३ जण मरण पावले. रात्रीच्या वेळी समुद्रावर क्षितिज दिसत नव्हते आणि मुख्य वैमानिकासमोरील विमानाचा कल दाखवणारे उपकरण चुकीचे दर्शन देत होते. एका उपकरणाची दुसऱ्याशी पडताळणी करण्याचे महत्त्व शिकवताना या अपघाताचा दाखला दिला जातो.

२२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे ८१२ क्रमांकाचे उड्डाण मंगळूरच्या पठारावरील धावपट्टीपलीकडे जाऊन दरीत कोसळले. विमानातील १६६ जणांपैकी १५८ मृत्युमुखी पडले. सहवैमानिकाने तीन वेळा गो-अराउंड करण्यास सुचवूनही अस्थिर अप्रोच चालू ठेवला गेला, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोड येथे मुसळधार पावसात उतरताना याच कंपनीचे १३४४ क्रमांकाचे उड्डाण धावपट्टीबाहेर गेले आणि दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला. अस्थिर अप्रोच चालू ठेवणे, धावपट्टीवर बरेच पुढे टेकणे आणि सहवैमानिकाची गो-अराउंडची सूचना अमलात न येणे ही कारणे त्याही चौकशीत नोंदवण्यात आली. दोन्ही अहवालांत व्यवस्थेतील त्रुटींचाही विचार झाला.

स्वयंचलन व मतभेद

आधुनिक प्रवासी विमानांत उड्डाणाचा बहुतेक काळ स्वयंचलित यंत्रणा विमान चालवते. त्यामुळे सुरक्षितता वाढली असली, तरी वैमानिकांचा हाताने विमान चालवण्याचा सराव कमी झाला आहे. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या उड्डाणात वेगमापक नळ्यांवर बर्फ साचल्याने ऑटोपायलट बंद पडला. गोंधळलेल्या परिस्थितीत विमानाचे नाक वर खेचले गेले, विमान स्टॉल झाले आणि अटलांटिक महासागरात कोसळून २२८ जण मरण पावले. त्यानंतर विमान असामान्य स्थितीतून सावरण्याच्या प्रशिक्षणावर भर वाढला. २०१३ मध्ये अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने योग्य परिस्थितीत हाताने उड्डाण करण्यास वैमानिकांना उत्तेजन द्यावे, असे विमान कंपन्यांना सुचवले.

एअरमनशिप ही संकल्पना मोघम आणि मोजण्यास कठीण आहे, अशी टीका होते. अपघातानंतर 'एअरमनशिपचा अभाव' असा शिक्का मारला की कामाचे वेळापत्रक, सदोष रचना किंवा अपुरे प्रशिक्षण यांसारखी खोलवरची कारणे झाकली जातात, असेही अभ्यासक म्हणतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांच्या प्रारूपात संरक्षणाच्या अनेक थरांतील छिद्रे एका रेषेत आल्यावर अपघात होतो आणि वैमानिकाची चूक हा त्या थरांपैकी फक्त शेवटचा थर असतो. या विचाराचा परिणाम म्हणून अलीकडच्या प्रशिक्षणात 'धोका व त्रुटी व्यवस्थापन' ही चौकट वापरली जाते. माणसाकडून चुका होणारच हे गृहीत धरून त्या वेळीच ओळखणे आणि दुरुस्त करणे, हे या चौकटीत वैमानिकाच्या कौशल्याचे महत्त्वाचे लक्षण मानले जाते.